कंपनी गेली, सळया राहिल्या : शृंगारतळीच्या भाड्याच्या खोल्यांचं प्रकरण

एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी म्हटली की आपल्याकडे करार आठवतो, विजेचा दर आठवतो, प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा आठवतात. तिच्या दाभोळ वीजप्रकल्पावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्यात गुहागर तालुका येतो तो पत्त्यापुरता. (तोही अर्धवट. नावातलं दाभोळ खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला अलीकडे, अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर.) करार कुणी केला, कुणी मोडला, पैसे कुणी खाल्ले याची चर्चा इतरांनी भरपूर केली आहे. मी जुन्या स्लॅबची तपासणी करतो आणि घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे माझी नजर बांधकामावर जाते. चिपळूणहून गुहागरकडे जाताना शृंगारतळीच्या बाजारपेठेत काही इमारतींच्या गच्चीवर कॉलमच्या गंजलेल्या सळया उभ्या दिसतात. पुढचा मजला चढवायचा म्हणून त्या सोडलेल्या. कोकणात सळया सोडायची पद्धत सगळीकडेच आहे, पण इथल्या काही सळयांना नेमकी तारीख आहे. २९ मे २००१ला प्रकल्प बंद पडला आणि वरचा मजला तिथेच थांबला.

सड्यावर डॉलर कसा आला

१९९१मध्ये देशाकडची परकीय चलनाची गंगाजळी आटली, सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. त्यानंतर जी दारं उघडली त्यांतलं एक वीजनिर्मितीचं. परकी कंपन्यांनी यावं म्हणून भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देणारं धोरण आलं. जून १९९२मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. जागतिक बँकेने १९९३मध्ये या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदी करार झालाच. १९९५मध्ये राज्यात सत्ता बदलली, ऑगस्टात प्रकल्प रद्द झाला. पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६मध्ये तो आधीपेक्षा मोठा होऊन परत आला : पहिला टप्पा ७४० मेगावॅट, दुसरा १,४४४, एकूण २,१८४.

गावांनी विरोध केला. मोर्चे निघाले, जमावबंदी लागली, लाठ्या बसल्या, वेलदूरच्या बायकांना पोलिसांनी घरातून ओढून नेलं. हा इतिहास खोल्यांच्या गोष्टीपेक्षा मोठा आहे आणि तो दोन ओळींत मावत नाही. इथे एवढंच नोंदवतो की विरोध करणारी गावं आणि खोल्या बांधणारी बाजारपेठ यांच्यात सरळ रेघ मारता येत नाही. एकाच घरात एक भाऊ मोर्चात आणि दुसरा ठेकेदाराकडे, असंही होतं.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. फेरकराराच्या वेळी युनिटमागे १ रुपया ८६ पैसे असा दर सांगितला गेला होता. पण हिशेब डॉलरला बांधलेला, इंधन म्हणून नाफ्था (खनिज तेलापासून निघणारं), आणि मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटीची ठरलेली रक्कम द्यायचीच. १९९७मध्ये आग्नेय आशियातली चलनं कोसळली, त्या वाऱ्याने रुपयाही घसरला. साधारण ३६ रुपयांना मिळणारा डॉलर २०००च्या अखेरीस ४६च्या वर गेला. तेल महागलं, नाफ्था महागला. मंडळाने वीज कमी उचलली, तसा प्रत्येक युनिटच्या डोक्यावर या ठरलेल्या रकमेचा बोजा वाढला. २००० सालात काही महिने हा दर सात रुपयांच्याही वर गेला. मंडळाचे पैसे थकले, भांडण राज्य सरकारच्या हमीपर्यंत आणि तिच्यामागच्या केंद्राच्या प्रतिहमीपर्यंत पोचलं, आणि मे २००१च्या अखेरीस पहिला टप्पा बंद पडला. दुसऱ्याचं काम बरंचसं पुरं होत आलं होतं, तेही थांबलं. २ डिसेंबर २००१ला खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे आकडे मांडायचं कारण एकच. बँकॉकमध्ये चलन पडलं आणि शृंगारतळीत गवंड्याची रोजंदारी थांबली, यामधल्या कड्या वाचणाऱ्याला दिसाव्यात.

जुन्या घरात भाडेकरू बसत नव्हता

गुहागर गावाची मूळ रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं चटकन कळेल. समुद्राला समांतर एक लांब रस्ता, खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत. दोन्ही अंगांना घरं आणि घरामागे नारळी-पोफळीची वाडी. चिऱ्याचं जोतं, पुढे ओटी, बाजूला पडवी, मधे माजघर, मागे विहीर. वर उतरतं छप्पर आणि मंगळुरी कौलं. कुटुंब वाढलं की हे घर आडवं वाढतं : पडवी लांबवतात, एखादी खोली काढतात. उंच वाढत नाही.

या घरात परक्या माणसाला भाड्याने ठेवायची सोयच नाही. ओटीवर बसलेला माणूस दोन पावलांत माजघरात. संडास परसात, तिकडे जायची वाट स्वयंपाकघराच्या दारावरून. पाहुणा चालतो, कारण तो आपला असतो. बिहारहून आलेला वेल्डर आणि पुण्याहून आलेला साइट सुपरवायझर यांना इथे कुठे ठेवणार? बांधकामावर हजारो माणसं आली. बड्या साहेबांसाठी कंपनीने वेगळी वसाहत उभी केली, स्वतःच्या पाण्याची, स्वतःच्या रस्त्यांची, कुंपणाआतली. मजुरांना छावण्या होत्या. मधल्या थराला खोली हवी होती, दुकान हवं होतं, खानावळ हवी होती, आणि गुहागरच्या वाडीत ती बसत नव्हती. शृंगारतळीला मात्र रस्त्याकडेला मोकळा सडा होता, आसपासच्या वाड्यांचा बाजार होता आणि एसटी थांबत होती.

मग जी इमारत उभी राहिली तिचा नमुना कुठल्या वास्तुविशारदाने काढलेला नाही. खाली शटरचे गाळे, वर एका ओळीत खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला संडास-बाथरूम. हा नकाशा म्हणजे गिरणगावातली चाळ. परळ-लालबागच्या चाळीत उमेदीची वर्षं काढलेल्या चाकरमान्याला भाड्याची खोली या शब्दाचा दुसरा अर्थच माहीत नव्हता. ज्या शहरात तो भाडेकरू होता तिथला नकाशा त्याने गावी आणला, आता मालक म्हणून. बदल एवढाच की चाळीचं लाकूड आणि लोखंड जाऊन आरसीसीचे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे कॉलम आले. कॉलम आला म्हणजे वर जाता येतं, आणि वर जाता येतं म्हटल्यावर सळया सोडल्या गेल्या. आडवं वाढणारं घर उभं वाढायला लागलं ते इथून, आणि त्याबरोबर कर्ज काढण्याची रीतही बदलली. पडवी खिशातल्या पैशाने लांबवता येते. स्लॅब एका दिवसात भरावा लागतो, त्या दिवशी सगळे पैसे हातात लागतात.

हे पैसे आले पतपेढीकडून, मुंबईच्या भावाकडून, बायकोच्या दागिन्यांवर, कुणाच्या फंड-ग्रॅच्युइटीतून. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात फार जण गेले नाहीत. बिगरशेती परवाना नाही, मंजूर नकाशा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा तेवढा हातात. त्यावर पतपेढी कर्ज देते, चढ्या व्याजाने देते, आणि वसुलीला येणारा माणूस ओळखीतला असतो. गावात ओळखीचा वसुलीवाला ही काय चीज आहे ते ज्याने हप्ता थकवलाय त्यालाच विचारावं.

एक इमारत

या काळातल्या एका इमारतीची तपासणी मी केली आहे. मालकाचं नाव देत नाही, आबा म्हणू. खाली गाळे, वर खोल्यांची ओळ, त्यावर गच्ची, गच्चीवर दर कॉलमच्या जागी सळयांचा झुबका. काम दुसऱ्या टप्प्याच्या भरात, १९९९-२०००मध्ये काढलेलं. पहिला मजला भाड्याने गेला आणि त्या भाड्यावर दुसरा मजला चढवायचा, असा सरळ बेत होता.

आबांच्या हिशेबात चूक काढायला मला जागा सापडली नाही. समोर २,१८४ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहत होता, राज्य सरकारची हमी होती, केंद्राची प्रतिहमी होती. कुणीही असाच हिशेब केला असता. फरक कागदाचा होता. कंपनीने आपली जोखीम करारात बारकाईने दुसऱ्यांवर टाकली होती : डॉलर चढला तर मंडळ भरणार, इंधन महागलं तर मंडळ भरणार, वीज उचलली नाही तरी मंडळ भरणार, मंडळाने नाही भरलं तर सरकार. आबांकडे भाडेकरूचा साधा भाडेकरारही नव्हता. चहाच्या टपरीवर ऐकलेली बातमी हीच त्यांची हमी, आणि तिला प्रतिहमी कुणाचीच नव्हती. या प्रकरणातून कुणी काही शिकायचंच असेल तर वीजदराच्या आधी हे शिकावं, असं माझं मत आहे. मोठं भांडवल जोखीम लिहून देतं किंवा लिहून घेतं. त्याच्या आसऱ्याने उभं राहणारं छोटं भांडवल ती तोंडी उचलतं, आणि सगळ्यात पक्कं बांधकाम तेच करतं.

२००१च्या पावसाळ्याआधी माणसं जायला लागली. गडबड झाली नाही, कुणी पळून गेलं नाही. ठेका संपला की माणूस जातो, नवा येतो. या वेळी नवा आला नाही, एवढंच. आधी खानावळी बंद झाल्या, मग कर्ज काढून घेतलेल्या जीपगाड्या धंद्याविना उभ्या राहिल्या, मग शटरं ओढली गेली. रिकाम्या खोलीला कोकणात एका पावसाळ्यात बुरशी धरते. दोन पावसाळ्यांत लाकडी दार फुगून चौकटीत बसेनासं होतं. राहतं घर रोज चुलीच्या धगीने, माणसांच्या वावराने सुकत असतं, ही गोष्ट सिमेंटच्या घरालाही लागू आहे.

आबांनी खोल्या विकायचा विचार केला नाही का? केला. पण चाळीच्या नकाशातली एक खोली सुटी विकता येत नाही. संडास सामाईक, जिना सामाईक, जमीन भावकीच्या सातबाऱ्यावर. विकायची तर अख्खी इमारत, आणि ती घेणार कोण?

ह्यूस्टनचा मनोरा

त्याच सुमाराला ह्यूस्टनमध्ये एन्रॉनचा दुसरा मनोरा पुरा होत होता. चाळीस मजले, काचेचं आवरण, जुन्या पन्नासमजली मुख्यालयाशी जोडणारा वर्तुळाकार पादचारी पूल. वास्तुविशारद सीझर पेली. क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे त्यांचेच, आणि ते पुरे होत असतानाच आशियाई चलनसंकटाने मलेशियाला घेरलं होतं. ह्यूस्टनच्या नव्या मनोऱ्यात एन्रॉनला संसार थाटताच आला नाही. २००२मध्ये तो उभारणीच्या खर्चाच्या मानाने बराच स्वस्तात विकला गेला, आणि पुढे शेव्हरॉन ही तेलकंपनी दोन्ही मनोऱ्यांत येऊन बसली.

म्हणजे संकट एकच, बांधकामं दोन. काचेचा मनोरा एका सहीने एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो. आत कुणीही आलं तरी टेबलंच मांडायची असतात. तोटा कंपनीच्या भागधारकांनी आणि पेन्शन गमावलेल्या नोकरांनी सोसला, इमारत सुखरूप राहिली. शृंगारतळीत इमारतीचा मालक आणि तोट्याचा धनी एकच. त्यामुळे तोटा भरून निघेपर्यंत इमारतीवर खर्च शून्य : रंग नाही, गिलावा नाही, गच्चीची गळती तशीच. आर्थिक संकट सिमेंटमध्ये शिरतं ते या वाटेने.

पुन्हा माणसं, वेगळी माणसं

जुलै २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली, एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या तिच्यात आल्या, आणि २००६मध्ये वीजनिर्मितीचे संच पुन्हा फिरले. राज्यात तेव्हा भारनियमनाने लोक जेरीला आले होते. २००९मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागला, तो आटला तसा २०१३मध्ये प्रकल्प पुन्हा थंडावला, आणि २०१५च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी काही संच सुरू झाले. शेजारच्या द्रवरूप वायूच्या टर्मिनलची गतही अशीच. लाटा अडवणारी भिंत अपुरी, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. पण या दुसऱ्या फेरीत खोल्यांना पहिल्यासारखा उठाव आला नाही. चालू प्रकल्पाला बांधकामाच्या मानाने फारच थोडी माणसं लागतात, आणि त्यांतली बरीच वसाहतीत राहतात.

खोल्या भरल्या त्या दुसऱ्याच माणसांनी. आधी शिक्षक, बँकेचे कर्मचारी, कॉलेजची मुलं, सडा सोडून बाजाराजवळ यायला निघालेली वाडीतली तरुण कुटुंबं. मग पर्यटक. २००३पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, गाडी बोटीवर चढवून दापोलीहून थेट गुहागरात उतरता येऊ लागलं, आणि मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारला एक नवी वाट मिळाली. आबांच्या ओळीतल्या काही खोल्यांचा लॉज झाला.

पर्यटकाला संडास खोलीतच लागतो. चाळीच्या नकाशात त्याला जागा नाही. संडासाच्या जागी स्लॅब खाली दाबून घ्यावा लागतो, म्हणजे नळ-पाइप त्या खोलगटीत बसतात. इथे स्लॅब सपाट भरलेला. मग प्लंबरने पाइप स्लॅबवरच टाकले, त्यावर भर घातली आणि वर लाद्या बसवल्या. परिणामी या लॉजमध्ये संडासाला दीड वीत पायरी चढून जावं लागतं आणि आत उंच माणसाने मान वाकवावी लागते. सांध्यातून झिरपलेलं पाणी खालच्या औषधांच्या दुकानाच्या छतावर उमटतं. दुकानदाराने तिथे प्लास्टिक बांधलंय. गंमत म्हणजे एवढं होऊनही हा नकाशा टिकला. खोली, तिच्यासमोर गॅलरी, खाली गाळा, एवढी साधी मांडणी असल्यामुळेच वेल्डरची खोली मास्तरांची झाली, मास्तरांची पर्यटकाची झाली. याच पट्ट्यात हौसेने ‘कॉम्प्लेक्स’ म्हणून बांधलेली, मधे चौक आणि आतल्या बाजूला दुकानं असलेली इमारत मी पाहिली आहे. आतली दुकानं कधीच चालली नाहीत, कारण रस्त्यावरून ती दिसतच नाहीत.

सळयांचा निकाल

आबांनी मला बोलावलं ते दुसऱ्या मजल्यासाठी. मुलगा मुंबईहून परत आला होता, लॉज वाढवायचा होता.

गच्चीवर मी पहिल्यांदा सळयांना हात लावला. बाहेरचा गंज पापुद्र्यांनी निघत होता, हातोडी मारली की आतलं लोखंड मूळ जाडीच्या मानाने बरंच बारीक. सळई जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथे कॉलमच्या डोक्याला उभ्या भेगा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं, त्या या भेगा. खाली गॅलरीच्या तुळईचा थोडा गिलावा काढला. सळईवरचं काँक्रीटचं आवरण बोटभरसुद्धा नव्हतं. २००० साली सुधारलेल्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामाला ४५ मिलिमीटर आवरण आणि एम-३० प्रतीचं काँक्रीट लागतं. हे मानक आलं तेव्हा आबांचा स्लॅब भरून झाला होता किंवा भरला जात होता, आणि तसंही ते गवंड्यापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. वाळू खाडीची. गोड्या पाण्याने धुतली होती का, विचारलं, तर आबा म्हणाले, “तेव्हा वाळूचा डंपर मिळाला हेच नशीब होतं, धुवायला कुणाला वेळ होता?” तेजीत साहित्य घाईचं येतं आणि मंदीत देखभाल होत नाही. या इमारतीला दोन्ही भोवलं.

मी दुसऱ्या मजल्याला नाही म्हणालो. केमिकल अँकरने, म्हणजे काँक्रीटला भोक पाडून रसायनाने चिकटवून, नव्या सळया बसवता येतील का, असं मुलाने विचारलं. तंत्र चांगलं आहे, पण नवी सळई ज्या काँक्रीटमध्ये रोवायची तेच खारावलेलं असेल तर भार कुणाच्या जिवावर टाकायचा? बँकेने वेगळ्या कारणाने नाही म्हटलं : बिगरशेती नाही, मंजुरी नाही, रस्ता रुंदीकरणानंतर रस्त्यापासून सोडायचं अंतरही अपुरं.

शेवटी ठरलं ते असं. सळया कॉलमच्या डोक्याशी कापल्या. कॉलमची टोकं फोडून, गंज काढून, पॉलिमर मॉर्टरने भरून घेतली. गॅलरीच्या तुळया पावसाळ्याआधी दुरुस्त केल्या. दुसऱ्या मजल्याऐवजी गच्चीवर हलक्या लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची उतरती शेड टाकली. कोकणातल्या सपाट स्लॅबला पंचवीस-तीस वर्षांत शेवटी उतरतं छप्पर घालावंच लागतं. नवी इमारत बांधणाऱ्यांना मी ते पहिल्याच दिवशी घालायला सांगतो, आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. संडासांचे पाइप मागच्या भिंतीबाहेर काढायचं काम पुढच्या हंगामाच्या कमाईवर सोडलंय, कर्ज न काढता. त्यासाठी मागच्या बाजूची एक खोली मोडावी लागेल. ती मोडायची की नाही यावर बाप-लेकाचं अजून एकमत झालेलं नाही. औषधांच्या दुकानदाराने मात्र तोवर भाडं वाढवून द्यायला साफ नकार दिला आहे.